सहा मशीन, एक ॲक्सेस फाइल आणि रोजचा ‘रेकॉर्ड लॉक्ड’

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं. भाच्यानं ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये, प्रोग्राम करून दिला, तो एका मशीनवर चार वर्षं झकास चालला. आता बिलाचे तीन काउंटर, गोडाऊन, हिशेब आणि मालकांचं टेबल अशा सहा मशीनवरून तीच फाइल शेअर्ड फोल्डरमधून उघडतात. सीझनला गर्दी झाली की ‘रेकॉर्ड (म्हणजे टेबलातली एक नोंद) दुसऱ्यानं लॉक केलं आहे’ असा मेसेज येतो, मध्येच ‘राइट कॉन्फ्लिक्ट’ची खिडकी उघडते, दोनदा एकाच नंबरची दोन बिलं निघाली आणि युरियाचा स्टॉक गोडाऊनशी जुळत नाही. कुणीतरी सुचवलंय की ऑप्शन्समध्ये जाऊन ‘एडिटेड रेकॉर्ड’ निवडा, सगळं बंद होईल. करू का?

नका करू. निदान आधी तेच नका करू. तुमचे चारही त्रास ‘लॉकिंग’ या एका नावाखाली आलेत, पण त्यातल्या दोघांत लॉकचा संबंध जेमतेम आहे आणि उरलेल्या दोघांत कुलूप कमी पडत नाहीये, ते फार वेळ लागून राहतंय. मी हे काम करतो तेव्हा पहिला प्रश्न एकच विचारतो: रेकॉर्ड कुणाच्या हातात किती वेळ राहतं? सेकंदाचा शंभरावा भाग असेल तर साठ मशीन असली तरी कुणाला कळत नाही. पाच मिनिटं असेल तर दोन मशीनसुद्धा भांडतात.

आधी तो पर्याय काय करतो ते पाहू. फाइल, ऑप्शन्स, क्लायंट सेटिंग्ज आणि खाली ॲडव्हान्स्ड, इथे तीन पर्याय दिसतील. ‘नो लॉक्स’ म्हणजे तुम्ही टाइप करत असताना कुणालाच अडवलं जात नाही. सेव्ह करायच्या क्षणी ॲक्सेस पाहतं की मधल्या वेळात कुणी हे रेकॉर्ड बदललं का, आणि बदललं असेल तर ती राइट कॉन्फ्लिक्टची खिडकी दाखवतं. ‘एडिटेड रेकॉर्ड’ म्हणजे पहिलं अक्षर टाइप केल्यापासून सेव्ह होईपर्यंत रेकॉर्ड तुमचं. दुसऱ्याला डाव्या पट्टीत वर्तुळातली तिरकी रेघ दिसते आणि कळ दाबली की नुसता टुण्ण आवाज येतो. ‘ऑल रेकॉर्ड्स’ म्हणजे फॉर्म (माहिती भरायची खिडकी) उघडा असेपर्यंत अख्खं टेबलच तुमचं. ते दुकानात कधीही निवडू नका.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. इथली निवड नव्यानं तयार होणाऱ्या फॉर्मना लागू होते. भाच्यानं आधीच केलेल्या प्रत्येक फॉर्मचा स्वतःचा ‘रेकॉर्ड लॉक्स’ हा गुण (प्रॉपर्टी) असतो आणि तो जसा होता तसाच राहतो. म्हणजे तुम्ही सहा मशीनवर फिरून पर्याय बदलला असता आणि बिलाच्या फॉर्मवर तसूभरही फरक पडला नसता.

त्याच पानावर ‘रेकॉर्ड लेव्हल लॉकिंग वापरून डेटाबेस उघडा’ अशी चौकट आहे. ती सहाही मशीनवर टिक केलेली हवी, कारण फाइल सकाळी पहिल्यांदा जो उघडतो त्याची निवड दिवसभर बाकीच्यांना लागते. टिक नसेल तर ॲक्सेस एक रेकॉर्ड लॉक न करता ते फाइलच्या ज्या तुकड्यावर, म्हणजे पानावर, आहे ते पूर्ण ४ केबीचं पान लॉक करतं. तुमचं बिलाचं रेकॉर्ड २०० बाइटचं धरा, म्हणजे एकाबरोबर आणखी वीसेक बिलं कुलुपात. त्यात नवी बिलं सगळी शेवटच्याच पानावर जाऊन बसतात, म्हणजे तिन्ही काउंटर त्याच एका पानासाठी रांगेत. ॲक्सेस २००० च्या आधी रेकॉर्डपुरता लॉक ही सोयच नव्हती. जुने लोक रेकॉर्ड मुद्दाम फुगवून पानावर एकच बसेल असं करायचे, मीही केलंय.

मी मुळात फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या पिढीतला. तिथे आम्ही आरलॉक (एका रेकॉर्डचा लॉक), एफलॉक (अख्ख्या फाइलचा लॉक) हातानं लिहायचो, त्यामुळे कुलूप कधी लागलं आणि कधी सुटलं हे लिहिणाऱ्याला ठाऊक असायचं. ॲक्सेस ते सगळं न बोलता करतं. सोय आहेच, पण म्हणूनच तुमच्या भाच्यानं एकही लॉक लिहिलेला नसताना दुकानात दिवसभर लॉक लागतायत.

एका पतसंस्थेतला अनुभव सांगतो. रोज दुपारी एक ते दोनच्या दरम्यान व्याज टाकायचं काम अडायचं. बाकी दिवसभर काही नाही. एररमध्ये लिहून यायचं: ‘ॲडमिन’ या युजरनं अमुक मशीनवर लॉक केलं आहे. आता ॲक्सेसमध्ये वेगळी सुरक्षा लावलेली नसेल तर प्रत्येक जण ‘ॲडमिन’च असतो, त्यामुळे त्या नावाचा उपयोग शून्य. मशीनचं नाव म्हणाल तर ‘डेस्कटॉप’च्या पुढे विंडोजनं स्वतःच ठेवलेली सात अक्षरांची गिचमीड. अर्धा दिवस टेबलाखाली वाकून कुठल्या मशीनचं नाव काय ते बघत फिरलो. शेवटी वसुलीच्या टेबलावर सापडलं. पडद्यावर सभासदाचा फॉर्म, डाव्या पट्टीत पेन्सिलीचं चिन्ह, फोन नंबरचे सहा आकडे टाइप केलेले, आणि खुर्ची रिकामी. गृहस्थ डबा खायला गेले होते. फॉर्मवर ‘एडिटेड रेकॉर्ड’ लावलेलं होतं, तेही आधीच्या माणसानं ‘सेफ’ म्हणून.

त्या दिवसापासून कुठल्याही ठिकाणी मी पहिलं काम मशीनना नावं देण्याचं करतो. काउंटर१, काउंटर२, गोडाऊन, हिशेब. दहा मिनिटांचं काम आहे. एरर ३२६० (रेकॉर्ड दुसऱ्याकडे लॉक) आली की त्यात हेच नाव दिसतं आणि माणूस ओरडून विचारू शकतो, ‘अरे काउंटर दोन, सेव्ह कर की!’ निम्म्या तक्रारी इतक्यावरच मिटतात.

लॉक फाइलविषयीही इथेच सांगतो, कारण लोक तिला घाबरतात. डेटाबेस उघडला की शेजारी त्याच नावाची एलएसीसीडीबी फाइल तयार होते. जुन्या प्रकारच्या एमडीबी फाइलच्या शेजारी एलडीबी. तिच्यात प्रत्येक युजरसाठी ६४ बाइट असतात, ३२ मशीनच्या नावाला आणि ३२ युजरच्या नावाला, आणि २५५ च्या वर माणसं बसत नाहीत. माणूस बाहेर पडला तरी त्याचं नाव लगेच पुसलं जात नाही, म्हणून ती नोटपॅडमध्ये उघडून ‘हा अजून आत आहे’ असा निष्कर्ष काढू नका. शेवटचा माणूस बाहेर पडला की फाइल आपोआप नाहीशी होते. यासाठी त्या फोल्डरवर सगळ्यांना लिहिण्याची, फाइल तयार करण्याची आणि पुसण्याची परवानगी लागते. ‘कर्मचाऱ्यांना फक्त वाचायची परवानगी देऊ’ असं कुणी केलं की लॉक फाइल तयारच होत नाही, आणि मग फाइल एकट्यापुरती उघडते नाहीतर लिहू देत नाही. तुमचा त्रास तो नाही, पण फोल्डर तपासून घ्या.

आता मुख्य दुरुस्ती. तुमचा बिलाचा फॉर्म थेट सामायिक टेबलाला जोडलेला असणार. गिऱ्हाईक समोर उभं, तो म्हणतो दोन गोण्या द्या, मग म्हणतो थांबा जरा, घरी विचारतो, आणि फोन लावतो. तेवढा वेळ रेकॉर्ड अर्धवट उघडं. हे मोडायचं. प्रोग्रामचे दोन भाग करा: टेबलं असलेली बॅकएंड फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये, आणि फॉर्म, रिपोर्ट, कोड असलेली फ्रंटएंड फाइल प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर. सहा जणांनी एकच फ्रंटएंड उघडणं हेही तुमच्या त्रासाचं एक मूळ आहे. मग प्रत्येक फ्रंटएंडमध्ये बिलाची एक कच्ची टेबल ठेवा. गिऱ्हाईकाशी जी काही घासाघीस व्हायची ती कच्च्या टेबलात होऊ दे, तिथे दुसरं कुणी येतच नाही. ‘सेव्ह’ दाबल्यावर ट्रान्झॅक्शन (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही असं काम) सुरू करायचं, बिलाचा नंबर घ्यायचा, बिलाचा वरचा भाग आणि मालाच्या ओळी बॅकएंडमध्ये टाकायच्या, स्टॉक वजा करायचा, मग कमिट, म्हणजे सगळं पक्कं. पाच मिनिटांचा लॉक डोळ्याची पापणी लवेपर्यंत उरतो.

ट्रान्झॅक्शन सुरू असताना पडद्यावर ‘खात्री आहे का?’ असली खिडकी कधीही दाखवू नका. कमिट होईपर्यंत सगळे लॉक धरलेले असतात, आणि त्या खिडकीपुढे माणूस चहा घेऊ शकतो. जे विचारायचं ते आधी विचारा.

नंबर दोनदा निघाला त्याचं कारण मी न बघता सांगतो: ‘डीमॅक्स अधिक एक’. फॉर्म उघडताना सर्वांत मोठा नंबर वाचायचा, एक मिळवायचा आणि दाखवायचा. काउंटर१ ला ४१२ दिसला, काउंटर२ लाही ४१२ दिसला, कारण पहिल्याचं अजून सेव्ह झालेलं नाही. यात लॉक कुठे आलाच नाही. ऑटोनंबर (ॲक्सेस आपोआप देतं तो नंबर) वापरून सुटका नाही, कारण कुणी बिल सुरू करून एस्केप दाबलं की तो नंबर कायमचा गेला, आणि जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. मधले नंबर का गायब हे ऑडिटला समजावत बसावं लागतं.

त्यासाठी ‘शेवटचा नंबर’ ही वेगळी छोटी टेबल करा, प्रत्येक मालिकेला आणि वर्षाला एक ओळ. वरच्या ट्रान्झॅक्शनच्या आतच ती टेबल डीबी-डिनाय-राइट लावून उघडायची, म्हणजे तेवढ्यापुरतं दुसऱ्याला तिथे लिहिता येत नाही. नंबर वाचा, एक वाढवा, लिहा, बंद करा. पुढे काही बिघडून ट्रान्झॅक्शन मागे फिरलं तर नंबरही परत जातो, खाडा पडत नाही. ‘एडिटेड रेकॉर्ड’सारखं कडक कुलूप मला चालतं ते या एकाच ठिकाणी, कारण ते क्षणभर असतं आणि त्याच्यापुढे माणूस बसलेला नसतो. शिवाय बिल नंबरावर युनिक इंडेक्स लावाच. कोडमध्ये काहीही चुकलं तरी दुसरं ४१२ आत शिरणार नाही, ३०२२ नंबरची एरर येईल आणि तुम्ही पुन्हा प्रयत्न कराल.

पुन्हा प्रयत्न कसा करायचा याचीही रीत आहे. ॲक्सेस स्वतः मुळात दोनदा, २५० मिलिसेकंदांच्या अंतरानं प्रयत्न करतं. ते आकडे त्याच ऑप्शन्सच्या पानावर आहेत. त्यावर विसंबू नका. कोडमध्ये ३२६०, ३२१८, ३१८८ या लॉकच्या एरर पकडा, १०० ते ४०० मिलिसेकंदांमधला कुठलाही सोडतीसारखा आकडा घेऊन तेवढं थांबा आणि पाचेक वेळा करून बघा. ठरावीक अंतर नको. बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकदम डावीकडे सरकतात, मग एकदम उजवीकडे. दोन मशीनचंही तसंच होतं. पाच वेळा जमलं नाही तर गुमान माघार घ्या आणि मराठीत मेसेज दाखवा: ‘गोडाऊन मशीन हे रेकॉर्ड वापरत आहे.’

स्टॉकचं प्रकरण मला सर्वांत गंभीर वाटतं, कारण तिथे कुठलाही मेसेज येत नाही. युरियाच्या ४० गोण्या शिल्लक. काउंटर१ च्या कोडनं डीलुकअपनं (टेबलातला एक आकडा वाचणारं फंक्शन) ४० वाचलं, ५ वजा केल्या, ‘शिल्लक ३५’ असं अपडेट क्वेरीनं (टेबल बदलणाऱ्या हुकमानं) लिहिलं. त्याच दरम्यान काउंटर२ नंही ४० वाचलेलं, ८ वजा, ‘शिल्लक ३२’ लिहिलं. गोडाऊनमध्ये खरोखर २७ गोण्या, पडद्यावर ३२. दोघांनी लिहिलं त्या क्षणी कुठलाच लॉक नव्हता, सगळं नियमानुसार झालं, आणि पाच गोण्या हवेत गेल्या. गोडाऊनवाल्यावर संशय घेण्याआधी हे तपासा.

औषध सोपं आहे. उत्तर लिहू नका, वजाबाकी लिहा. क्वेरीत ‘शिल्लक = शिल्लक वजा ५’ असं हवं, म्हणजे आत्ता जी काही शिल्लक आहे तिच्यातून जाईल. अट जोडा की शिल्लक ५ किंवा जास्त असेल तरच. मग किती ओळी बदलल्या ते रेकॉर्ड्स-अफेक्टेड या गुणातून बघा. १ आलं तर माल दिला, ० आलं तर माल नाही.

इथे दोन खड्डे आहेत, दोन्हीत मी पडलोय. एक, क्वेरी चालवणाऱ्या एक्झिक्यूटला ‘चुकलं तर एरर दे’ असं सांगणारं डीबी-फेल-ऑन-एरर जोडलं नाही तर लॉक असलेल्या ओळी ॲक्सेस मुकाट्यानं गाळून पुढे जातं. एरर नाही, आवाज नाही, स्टॉक मात्र तसाच. भाच्याच्या कोडमध्ये ‘एक्झिक्यूट’ शोधा आणि प्रत्येकापुढे हे आहे का बघा. माझी पैज आहे की बऱ्याच ठिकाणी नसेल. दोन, करंटडीबी (कोडमधून चालू डेटाबेस मागवायचा शब्द) दर वेळी नवं ऑब्जेक्ट देतं. एका करंटडीबीनं क्वेरी चालवून दुसऱ्या करंटडीबीला ‘किती बदलल्या’ विचारलं तर ते ० सांगणार. आधी ते एका व्हेरिएबलमध्ये धरा आणि दोन्ही कामं त्याच्याकडूनच घ्या.

उरलं ते राइट कॉन्फ्लिक्ट. त्या खिडकीत तीन बटणं असतात: सेव्ह रेकॉर्ड, कॉपी टू क्लिपबोर्ड, ड्रॉप चेंजेस. घाईतला माणूस पहिलं दाबतो आणि दुसऱ्यानं केलेला बदल पुसून टाकतो. कर्मचाऱ्यांना सांगा, शंका आली की तिसरं. पण माझा अंदाज आहे की तुमच्या बहुतेक कॉन्फ्लिक्टमध्ये दुसरा माणूस नाहीच. फॉर्मवर गिऱ्हाईकाचं रेकॉर्ड अर्धवट बदललेलं असतं आणि त्याच फॉर्मवरच्या बटणाचा कोड त्याच गिऱ्हाईकाची उधारी क्वेरीनं बदलतो. मग फॉर्म सेव्ह करायला गेलं की ॲक्सेस म्हणतं, हे तर कुणीतरी बदललंय! तो कुणीतरी म्हणजे तुम्हीच. बटणाच्या कोडची पहिली ओळ फॉर्मचा डर्टी (बदल सेव्ह व्हायचे बाकी) गुण फॉल्स करणारी ठेवा, म्हणजे आधी फॉर्म सेव्ह होईल. खिडकीच नको असेल तर फॉर्मच्या एरर इव्हेंटमध्ये ७७८७ (राइट कॉन्फ्लिक्टची एरर) पकडून स्वतःचा मेसेज देता येतो.

गोडाऊनवाला म्हणेल की काउंटरनं बिल केलं तरी मला जुनाच आकडा दिसतो. ॲक्सेस वाचलेली पानं साधारण ५ सेकंद स्वतःजवळ ठेवतं आणि उघडा फॉर्म ६० सेकंदांनी ताजा होतो. तो बिघाड नाही. स्टॉकच्या फॉर्मवर ‘ताजं करा’ असं एक बटण द्या.

नेटवर्कबद्दल भरभर. बॅकएंड असलेली फाइल वायफायवरून उघडू नका. लिहिता लिहिता सिग्नल गेला तर फाइल मोडते. ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये तर मुळीच नको, तिथे लॉक ही कल्पनाच पोचत नाही, प्रत्येक मशीन आपापल्या प्रतीवर लिहीत बसतं. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, शेअर्ड ॲक्सेस फाइल ‘इनकन्सिस्टंट स्टेट’मध्ये असल्याचा मेसेज बऱ्याच जणांना आला. तो आला तर फाइल ज्या मशीनवर आहे तिथे फाइल शेअरिंगचं ‘लीजिंग’ (मशीननं फाइलचा भाग स्वतःजवळ धरून ठेवायची सोय) बंद करावं लागतं. आला नसेल तर हात लावू नका.

एसक्यूएल सर्व्हरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेस सर्व्हरवर, जावं का, असं पुढे विचाराल. सहा मशीनला आज गरज नाही. फुकटची एक्सप्रेस आवृत्ती आहे आणि कधीतरी जाल. तेव्हा एवढं लक्षात असू द्या की तिथून जोडलेल्या टेबलांवर फॉर्मचा ‘रेकॉर्ड लॉक्स’ गुण चालत नाही, सगळं ‘नो लॉक्स’सारखंच वागतं. म्हणजे आज ‘एडिटेड रेकॉर्ड’च्या भरवशावर बसलात तर त्या दिवशी सगळं उघडं पडेल. प्रत्येक टेबलात रोव्हर्जन प्रकारचा (ओळ बदलली की आपोआप बदलणारा) एक कॉलम ठेवा आणि हो-नाही प्रकारच्या कॉलमला सुरुवातीची किंमत द्या, नाहीतर खोट्या राइट कॉन्फ्लिक्टनी जीव नकोसा होतो.

हे सगळं चालू दुकानात करू नका. रविवारी बॅकएंडची प्रत काढा, दोन मशीन शेजारी ठेवा, दोन्हीवर तीच प्रत उघडा. दोन्हीकडे एकाच खताचं बिल भरा आणि भाच्याला एका कीबोर्डवर, स्वतः दुसऱ्यावर बसवून एक-दोन-तीन म्हणत एकदम एंटर मारा. वीस वेळा. मग नंबर बघा, स्टॉक कागदावर मोजा. नंतर एका मशीनवर ट्रान्झॅक्शनच्या मधोमध कोड थांबवून ठेवा आणि दुसऱ्यावर सेव्ह दाबा. तुमचा मराठी मेसेज मशीनच्या नावासकट यायला हवा. तो आला नाही आणि जुनीच इंग्रजी खिडकी उघडली, तर तिच्यातला एरर नंबर लिहून ठेवा आणि मला कळवा.